रेल्सच्या ॲपमध्ये अख्खं पान न हलवता फक्त एक तुकडा कसा बदलायचा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नाशिकमध्येच एका छोट्या कंपनीत लागलात आणि रुबी भाषेतल्या रेल्स या फ्रेमवर्कवरचं जुनं वेब ॲप गळ्यात पडलं. यादीतल्या एका ओळीत बदल केला की अख्खं पान परत लोड होतं, आणि साहेबांना फक्त तेवढी ओळ बदललेली हवी. जुने व्हिडिओ म्हणतात फॉर्मवर किंवा लिंकवर ‘रिमोट ट्रू’ लिहा, नवे म्हणतात टर्बो ही रेल्ससोबत येणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी वापरा. तुम्ही रिमोट ट्रू लिहून पाहिलं, तर काही फॉर्म चालले आणि काही मुके बसले. मग शिकायचं काय?

मी सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसमध्ये बसून मोबाइलवर लिहितोय, त्यामुळे कोड डकवत नाही. शब्दांत सांगतो, नेमकी रूपं रेल्स गाइडमध्ये बघून घ्या.

नवं लिहायचं असेल तर टर्बो. जुनं सांभाळायचं असेल तर रिमोट ट्रू वाचता आलं पाहिजे, नव्याने लिहायचं कारण नाही. पण या दोन्हींच्या आधी तुमच्या पानाचे तुकडे नीट पाडलेत का ते बघा. घोडं बहुतेक वेळा तिथेच पेंड खातं.

काही वर्षांपूर्वी पिंपळगाव बसवंतच्या एका कांदा व्यापाऱ्यासाठी मी खळ्यावरचा हिशोब रेल्समध्ये बसवून दिला. लिलाव झाला की क्विंटलचा भाव चिठ्ठीवर लिहून गाडी खळ्यावर येते. आधी भरल्या गाडीचं वजन, मग माल उतरवून रिकाम्या गाडीचं, आणि दोन्हींतला फरक म्हणजे कांदा. त्याला भावाने गुणायचं आणि शेतकऱ्याच्या हातात हिशोबपट्टी द्यायची. पान साधंच होतं. दिवसभराच्या साठ-सत्तर गाड्यांचा तक्ता, प्रत्येक ओळीत वजनाची चौकट आणि ‘जमा’ बटण, तळाला एकूण क्विंटल आणि एकूण रक्कम.

पहिल्या वेळी मी अजॅक्सच्या, म्हणजे पान न हलवता मागून सर्व्हरशी बोलण्याच्या, भानगडीत पडलोच नव्हतो. जमा दाबलं की पान नव्याने यायचं आणि वर, पहिल्या गाडीवर जाऊन थांबायचं. मुनीमजी टॅबवर बोटाने सरकत सरकत परत आपल्या ओळीवर यायचे, मागे ट्रॅक्टरवाले हॉर्न देत उभे. अशाच घाईत एका गाडीचं वजन खालच्या गाडीवर पडलं. शेतकऱ्याने काट्याची पावती पुढे करून भांडण काढलं म्हणून सापडलं. मुनीमजींना बोलणी बसली, पण चूक माझ्या पानाची होती.

दुरुस्ती करताना आधी अजॅक्सला हातच लावला नाही. तक्त्यातली एक ओळ उचलून स्वतंत्र पार्शलमध्ये, म्हणजे पानाच्या तुकड्याच्या वेगळ्या फाइलीत, टाकली. तळाची बेरीज दुसऱ्या पार्शलमध्ये. दोन्हींना पक्की आयडी दिली. ओळीसाठी रेल्सचा डॉम आयडी नावाचा हेल्पर, म्हणजे तयार छोटं फंक्शन, आहे, तो मॉडेलचं (डेटा सांभाळणाऱ्या वर्गाचं) नाव आणि रेकॉर्डचा क्रमांक जोडून ‘गाडी_४१२’ अशा धर्तीची आयडी करून देतो. आणि एक नियम घालून घेतला: पान पहिल्यांदा उघडताना जे पार्शल ओळ काढतं, तेच बदल झाल्यावरही काढणार. बरेच जण पहिली ओळ ईआरबीत (रेल्सच्या एचटीएमएल साच्यात) लिहितात आणि बदललेली ओळ जावास्क्रिप्टमध्ये तुकडे जोडून बनवतात. मग पहिल्या वेळी रक्कम लाख-हजारांच्या स्वल्पविरामांसह दिसते आणि बदल झाल्यावर नुसते आकडे. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी त्या ओळीची गत होते. एका ठिकाणी दुरुस्ती केली, दुसरीकडे राहिली.

रेल्सची या बाबतीतली पद्धत पहिल्यापासून हीच आहे. सर्व्हरने तयार एचटीएमएलचा तुकडा पाठवायचा आणि ब्राउझरने तो जागेवर बसवायचा. जेसन, म्हणजे नुसता डेटा, पाठवून समोर सगळं पुन्हा रचायचं, हा दुसरा संप्रदाय. त्याला माझा विरोध नाही, पण तक्ते आणि फॉर्म यांच्या ॲपसाठी तो खर्च मला परवडलेला नाही.

आता तुमचे फॉर्म मुके का बसतात, ते कळायला थोडा इतिहास लागतो. ब्राउझरमधली अजॅक्सची मूळ सोय मायक्रोसॉफ्टने आउटलुकच्या वेब आवृत्तीसाठी केली आणि १९९९ मध्ये ती इंटरनेट एक्सप्लोरर ५ बरोबर सगळ्यांच्या हाती आली. अजॅक्स हे नाव मात्र फेब्रुवारी २००५ चं, जेसी जेम्स गॅरेट यांच्या लेखातलं. नावातल्या शेवटच्या अक्षराचं एक्सएमएल आता या कामात क्वचितच दिसतं, हा भाग वेगळा. रेल्स २००४ मध्ये बाहेर आलं आणि लवकरच प्रोटोटाइप ही लायब्ररी सोबत घेऊन ‘लिंक टू रिमोट’सारखे हेल्पर देऊ लागलं. ते हेल्पर थेट पानातच जावास्क्रिप्ट ओतायचे. २०१० च्या रेल्स ३ ने ते बंद केलं. आता रिमोट ट्रू लिहिलं की टॅगवर फक्त ‘डेटा रिमोट’ अशी खूण उमटते, आणि वेगळी एक जावास्क्रिप्ट फाइल ती खूण पाहून विनंती अडवते आणि मागच्या दाराने पाठवते.

म्हणजे ती फाइल पानात नसेल तर खूण नुसती शोभेची. रेल्स ७ मध्ये, डिसेंबर २०२१ पासून, नव्या ॲपबरोबर ती फाइल येत नाही, टर्बो येतं. तुमचं ॲप कुणीतरी अर्धवट वरच्या आवृत्तीला नेलं असेल, तर ‘रिमोट ट्रू लिहिलं तरी पान लोड होतं’ याचं कारण बहुधा हेच.

मुक्या फॉर्मची गोष्ट आणखी मजेशीर आहे. रेल्स ५.१ मध्ये ‘फॉर्म विथ’ हा नवा हेल्पर आला आणि तो काहीही न सांगता आपोआप रिमोट असायचा. फॉर्म चुकला, कंट्रोलरने (विनंती हाताळणाऱ्या सर्व्हरवरच्या कोडने) चुकांसकट फॉर्म परत रेंडर केला, म्हणजे नव्याने काढून पाठवला, ब्राउझरला तो मिळालाही, पण त्याचं काय करायचं हे कुणी सांगितलेलंच नाही. पडद्यावर काहीच हलत नाही. मी यावर एक अख्खी दुपार घालवलीय, आणि तेव्हा कॉलेज रोडवरच्या ऑफिसात एसीही नव्हता. ६.१ पासून नव्या ॲपमध्ये ही सवय काढून टाकली. जुन्यात मात्र ‘लोकल ट्रू’ (म्हणजे रिमोट नको) लिहिलेलं दिसतं ते यासाठीच, पुसू नका.

टर्बो आणल्यावर मुकेपणा वेगळ्या वाटेने परत येतो. टर्बोचा आग्रह असा, की फॉर्म यशस्वी झाला तर दुसरीकडे पाठवा आणि चुकला तर ४२२ (माहिती चुकली) हा स्टेटस, म्हणजे उत्तरासोबतचा आकडा, द्या. तुम्ही जुन्या सवयीने चुकलेला फॉर्म २०० (सगळं ठीक) स्टेटसने रेंडर केला, तर टर्बो तो दाखवत नाही, फक्त कन्सोलमध्ये कुरकुर करतो. आणि दुसरीकडे पाठवताना ३०३ हा स्टेटस द्या. साध्या पोस्टला (फॉर्म पाठवणाऱ्या विनंतीला) ३०२ चालून जातो, पण डिलीट विनंतीला ३०२ दिला तर ब्राउझर पुढच्या पत्त्यावरही डिलीटच घेऊन जातो. यादीच्या पत्त्यावर डिलीट जाऊन पोहोचणं किती महागात पडेल, ते तुमच्या राउट्सवर (कोणता पत्ता कुठल्या कोडकडे जातो त्या यादीवर) आहे.

परत खळ्यावर येतो. टर्बोत यासाठी दोन हत्यारं आहेत, फ्रेम आणि स्ट्रीम. फ्रेम म्हणजे पानातली चौकट. तिच्या आतली लिंक किंवा फॉर्म दाबला की उत्तरातून त्याच आयडीची चौकट उचलून तिथे बसवली जाते, बाकी पान तसंच. उत्तरात त्या आयडीची चौकट नसेल तर चौकटीत ‘कंटेंट मिसिंग’ असं लिहिलेलं दिसतं. दिसलं की घाबरू नका, आयडी जुळवून बघा. फ्रेम शिकायला सोपी आहे आणि जागेवर दुरुस्ती करायचा फॉर्म तिच्यात छान बसतो. सुरुवात तिच्यापासून करा.

पण माझ्या तक्त्याला ती चालली नाही, दोन कारणांनी. पहिलं, ओळ बदलली की तळाची बेरीजही बदलायला हवी आणि फ्रेम फक्त स्वतःपुरतं बघते. दुसरं कारण कुठल्या व्हिडिओत सहसा सांगत नाहीत: टेबलच्या आत, ओळीभोवती फ्रेमचा टॅग घालताच येत नाही. ब्राउझर एचटीएमएल वाचताना तो परका टॅग टेबलातून उचलून बाहेर टाकतो आणि तुमची आयडी रिकाम्या चौकटीवर जाऊन बसते. फॉर्मचंही तसंच, अख्ख्या ओळीला गुंडाळायला जाऊ नका, एका खान्याच्या आत ठेवा.

म्हणून तिथे स्ट्रीम. यात सर्व्हर उत्तरादाखल छोट्या सूचना पाठवतो: अमुक आयडीची वस्तू बदल, तमुकच्या आत भर घाल, ती काढून टाक. जमा दाबलं की माझा कंट्रोलर दोन सूचना पाठवतो. गाडीची ओळ ‘रिप्लेस’, बेरीज ‘अपडेट’. दोन्हींत तीच वरची पार्शल्स. मुनीमजींचं बोट जिथे होतं तिथेच राहतं आणि खालचा आकडा बदलतो. एक लक्षात ठेवा, स्ट्रीम स्वीकारायची तयारी टर्बो फॉर्म पाठवताना आपणहून कळवतो, साध्या लिंकला नाही. लिंकवर हवं असेल तर ‘डेटा टर्बो स्ट्रीम’ ही खूण द्यावी लागते.

आणखी एक फटका मला बसला तो तारखेच्या कॅलेंडरचा. पान लोड होताना जावास्क्रिप्टने चौकटीला कॅलेंडर चिकटवलं होतं. ओळ बदलून नवी आली की जुनी चौकट गेली आणि तिच्याबरोबर कॅलेंडरही गेलं. पान उघडल्यावर एकदाच चालणारा कोड नव्या तुकड्याला लागू होत नाही. क्लिकची दखल वरच्या पातळीवर, टेबलावर घ्या, किंवा स्टिम्युलस ही टर्बोच्या जोडीची जावास्क्रिप्ट लायब्ररी वापरा. तुकडा पानात आला की त्याचा स्टिम्युलस कंट्रोलर (ब्राउझरमधला, सर्व्हरवरचा नव्हे) आपोआप जोडला जातो.

रेल्सऐवजी सिनात्रा या रुबीच्या छोट्या फ्रेमवर्कमध्ये असाल तरी तत्त्व तेच: एकच व्ह्यू (पानाचा साचा), कधी लेआउटसह (बाहेरच्या समान सांगाड्यासह) आणि कधी त्याशिवाय. फक्त विनंती अजॅक्सची आहे का हे तपासणारी जी सोय आहे, ती ‘एक्स रिक्वेस्टेड विथ’ या हेडरवर (विनंतीसोबतच्या खुणेवर) चालते आणि ब्राउझरचा फेच (जावास्क्रिप्टमधून विनंती पाठवणारं फंक्शन) तो हेडर स्वतःहून पाठवत नाही. तुम्हालाच घालावा लागतो.

काही अडलं तर सर्व्हरचा लॉग आधी बघा. प्रत्येक विनंतीच्या पहिल्या ओळींत कंट्रोलरच्या नावापुढे ती ‘एचटीएमएल’ म्हणून आली, ‘जेएस’ म्हणून आली की ‘टर्बो स्ट्रीम’ म्हणून, ते लिहिलेलं असतं. तिथे एचटीएमएल दिसत असेल तर तुमची स्ट्रीम फाइल कितीही सुंदर असो, तिला कुणी बोलावलेलंच नाही. मग ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये स्टेटस आणि उत्तराचा मजकूर बघा. जुन्या रिमोट पद्धतीत उत्तर म्हणून जावास्क्रिप्टच येतं आणि त्यात एखादं अवतरणचिन्ह चुकलं तर ते गुपचूप मरतं. तिथे रेंडर केलेलं पार्शल ‘जे’ हेल्परमधून गाळून घेतलंय का, ते तपासा.

सगळं ॲप एका झटक्यात टर्बोवर नेऊ नका. मी टर्बोचं ड्राइव्ह, म्हणजे सगळ्या लिंक आणि फॉर्म ताब्यात घेणारा भाग, आधी बंद ठेवला आणि एकेक पान घेऊन चालू केला. जुना रिमोट फॉर्म जिथे राहिला आहे तिथे ‘डेटा टर्बो फॉल्स’ लिहा, म्हणजे एका फॉर्मवर दोघे हक्क सांगणार नाहीत.

इगतपुरी गेलं, घाटातल्या बोगद्यांत नेटवर्क जातंय, त्यावरून शेवटचं. पान लोड होताना नेट गेलं तर ब्राउझर निदान तोंडावर सांगतो. अजॅक्समध्ये नेट गेलं तर काहीच घडत नाही. खळ्यावर हे व्हायचंच. मुनीमजी वाट बघून परत जमा दाबायचे, आणि पहिली विनंती खरं तर पोहोचलेली असायची, फक्त उत्तर वाटेत हरवलेलं. वजनाची नोंद दोनदा. टर्बो फॉर्म जात असताना बटण बंद ठेवतो, पण विनंती फसली की ते पुन्हा उघडतं, म्हणून तेवढ्यावर विसंबू नका. डेटाबेसमध्ये वजनाच्या नोंदींत गाडीच्या रेकॉर्ड क्रमांकावर युनिक इंडेक्स (तोच क्रमांक दुसऱ्यांदा न घेणारा नियम) घातला, दुसरी नोंद तिथेच अडली. आणि टर्बो ‘फेच रिक्वेस्ट एरर’ नावाची जी घटना उठवतो, ती पकडून पानाच्या माथ्यावर लाल पट्टी दाखवली: ‘नेट गेलंय, वजन जमा झालं की नाही ते ओळीत बघा.’

तुमच्या जेमफाइल लॉकमध्ये (लायब्ररींच्या आवृत्त्या नोंदवणाऱ्या फाइलीत) रेल्सची आवृत्ती कोणती आहे आणि मुका फॉर्म ‘फॉर्म विथ’चा आहे की ‘फॉर्म फॉर’चा, एवढं खाली लिहा. कल्याणपर्यंत नेट आलं तर लगेच बघतो.