अमेरिकेत इंजिनिअरिंग प्रोफेसर व्हायचंय, पण एचओडीचा अनुभव धरतात का?

तुम्ही विचारलंय की पीएचडी आहे, बरीच वर्षं शिकवलंय, एचओडीपण आहात, तर अमेरिकेत थेट डिपार्टमेंट चेअरसाठी (म्हणजे इथला एचओडी, विभागप्रमुख) अर्ज करावा का. मी इथे मेकॅनिकलला प्रोफेसर आहे, मधे चेअरपण होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

थेट चेअरचा नाद सोडा. इथे आधी टेन्युअर, म्हणजे कायमची नोकरी, मग बाकी सगळं. असिस्टंट प्रोफेसर म्हणून लागायचं, साधारण सहाव्या वर्षी तुमची फाइल बाहेरच्या तज्ज्ञांकडे जाते, त्यांची पत्रं चांगली आली तर नोकरी पक्की, नाहीतर दुसरीकडे बघा. प्रदीप खोसला बघा, १९८६ ला कार्नेगी मेलनमध्येच पीएचडी करून तिथेच लागले, २००४ ला इंजिनिअरिंगचे डीन झाले आणि २०१२ ला यूसी सॅन दिएगो युनिव्हर्सिटीचे चान्सलर, म्हणजे आपल्याकडच्या कुलगुरूंसारखे प्रमुख. म्हणजे डीन व्हायलाच अठरा वर्षं.

मुलाखतीत सेमिनारनंतर बऱ्याच ठिकाणी चॉक टॉक असतो, म्हणजे स्लाइड नाहीत, तुम्ही आणि फळा, आणि समोरचे विचारत राहतात की पहिला विद्यार्थी नक्की काय करणार, त्याचा पगार कुठून येणार, हे एनएसएफच्या (संशोधनाला पैसे देणारी इथली सरकारी संस्था) कुठल्या प्रोग्रॅमला पाठवणार. एनएसएफचं करिअर अवॉर्ड, म्हणजे नव्या प्राध्यापकांसाठीची ग्रँट, नीट वाचून ठेवा, ती पाच वर्षांसाठी असते आणि त्याला सिटिझन असावं लागत नाही. आणि पगार बहुतेक ठिकाणी नऊ महिन्यांचा, उन्हाळ्याचा आपल्याच ग्रँटमधून काढायचा, हे ऑफर वाचताना लक्षात ठेवा.

आता तुमचा एचओडीचा अनुभव. तो वाया जात नाही, फक्त त्याला योग्य नाव देऊन मांडा. तुम्ही एनबीएसाठी (इंजिनिअरिंग कोर्सेसना मान्यता देणारी आपली संस्था) सीओ-पीओ मॅपिंग, अटेनमेंट वगैरे, म्हणजे विद्यार्थी ठरवलेलं खरंच शिकले का याचा हिशोब, केलंच असेल ना, इथे एबेटला, म्हणजे मान्यता देणाऱ्या इथल्या संस्थेला, जवळपास तेच लागतं, दोन्ही संस्था एकमेकांच्या इंजिनिअरिंग डिग्री मानणाऱ्या वॉशिंग्टन अकॉर्ड करारात आहेत (एनबीए २०१४ पासून), आणि ते काम मनापासून करणारी माणसं डिपार्टमेंटमध्ये फार कमी असतात हे मी चेअर असताना रोज बघितलंय. त्यामुळे रिसर्च पातळ असेल तर टीचिंग प्रोफेसरच्या, म्हणजे मुख्यतः शिकवण्याच्या, जागा अगदी गंभीरपणे बघा, टेन्युअर सहसा नसतं पण अंडरग्रॅज्युएट प्रोग्रॅम डायरेक्टर, पुढे असोसिएट चेअर असा रस्ता तिथूनही निघतो. रिसर्चच करायचा असेल तर आधी इथे पोस्टडॉक (पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनाची नोकरी) करा, कारण शिफारसपत्र देणारं इथलं कोणीतरी हवंच.

व्हिसाचं म्हणाल तर युनिव्हर्सिटीच्या एच-वन-बीला (नोकरीचा व्हिसा) कंपन्यांसारखी लॉटरी नाही, पण सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरून येणाऱ्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची फी जाहीर झाली, म्हणून ऑफर आली की फी आणि व्हिसाचं काय ते लेखी विचारून घ्या. जाहिराती साधारण ऑगस्ट ते डिसेंबर येतात. सीव्ही पाठवायच्या आधी रिसर्च स्टेटमेंट तयार करा, हवं तर मला पाठवा, मी वाचून सांगेन.