चारच वेळा रेडिएशन म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले असं नाही

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडील ७१ वर्षांचे, पलूसचे, बिडीची जुनी सवय आणि दमा. उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात अडीच सेंटीमीटरची गाठ. बायोप्सीत कॅन्सर निघाला, पण पेट स्कॅनमध्ये बाकी कुठे काही नाही. सर्जन म्हणाले, एवढ्या कमजोर फुफ्फुसांना ऑपरेशन झेपणार नाही. रेडिएशनच्या डॉक्टरांनी एसबीआरटी, म्हणजे थोड्याच बैठकांत नेमक्या जागी मोठ्या डोसचं रेडिएशन, सुचवली, एक दिवसाआड चार वेळा. आणि तुम्ही विचारताय, शेजारच्या काकांना तीस वेळा लाईट दिली होती, मग आमच्या वडिलांना चारच का? नुसती मनाची समजूत काढतायत का?

नाही. चार वेळा हा पूर्ण इलाज आहे, आणि गाठ कायमची मारायची याच हेतूने तो देतात.

मी मिरजेत रेडिएशनच्या मशीनवर टेक्नॉलॉजिस्ट म्हणून काम करते, अठरा वर्षं झाली. डॉक्टर नाही, त्यामुळे वडिलांचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच. पण पेशंटला टेबलावर झोपवण्यापासून उठवेपर्यंत जे घडतं ते माझ्या हातून होतं, तेवढं खात्रीने सांगू शकते.

आधी तीस आणि चारचा हिशोब. रेडिएशन ग्रे या मापात मोजतात. नेहमीच्या पद्धतीत रोज २ ग्रे, तीस दिवसांत ६०. एसबीआरटीमध्ये एका बैठकीला १२ ग्रे, चार बैठकांत ४८. बेरीज कमी दिसते, पण पेशी बेरीज बघत नाहीत. छोटा डोस बसला की गाठीच्या पेशी मधल्या वेळात स्वतःची बरीच दुरुस्ती करून घेतात. एकदम मोठा घाव बसला की ती दुरुस्ती पुरी पडत नाही. याचं एक ठरलेलं गणित आहे. त्यात घातलं तर तीस दिवसांच्या ६० ग्रेची ताकद ७२ भरते आणि चार वेळच्या ४८ ग्रेची जवळपास १०६. शंभरच्या वर गेलं की छोटी गाठ चांगली आटोक्यात राहते, असा अनुभव आहे. म्हणजे तुमच्या वडिलांना मिळणारा इलाज जास्त जोराचा आहे.

मग सगळ्यांनाच असा का देत नाहीत? कारण एवढा डोस शेजारच्या चांगल्या भागावर पडला तर तोही मरेल. म्हणून किरण एका बाजूने न सोडता अनेक दिशांनी सोडतात. अंधारात दहा जणांनी दहा बाजूंनी आपापल्या बॅटरीचा झोत एकाच दगडावर धरला तर दगड लख्ख दिसतो आणि वाटेत मात्र उजेड विरळ राहतो, तसं. गाठ लहान असली, साधारण पाच सेंटीमीटरच्या आत, आणि लिम्फच्या गाठींपर्यंत गेलेली नसली तरच हे जमतं. गाठ मोठ्या श्वासनलिकांच्या जवळ असेल तर डोस आणखी विभागून पाच, आठ किंवा त्याहून जास्त वेळा देतात. कुणाला आठ वेळा सांगितलं म्हणजे त्याचा आजार दुप्पट, असं नसतं.

आता मूळ अडचण. फुफ्फुस हलतं. वडिलांची गाठ खालच्या भागात आहे, छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याच्या बाजूला, आणि तिथली गाठ श्वासागणिक एक-दोन सेंटीमीटर सहज वरखाली होते. अडीच सेंटीमीटरचं निशाण आणि तेही हलतं! या इलाजातली निम्मी यंत्रं या एका श्वासासाठी आहेत.

प्लॅनिंगच्या दिवशी फोरडी सीटी काढतात. पोटावर एक छोटी खूण ठेवतात, कॅमेरा ती बघतो आणि स्क्रीनवर श्वासाची लाट उमटते. त्या लाटेचे बहुधा दहा भाग करून प्रत्येक भागात गाठ नेमकी कुठे होती ते पकडतात. गाठ जिथवर फिरली ती सगळी जागा, भोवती थोडी मोकळीक, एवढ्यावर डोस बसवतात. जितका मोठा श्वास, तितकी मोठी जागा, तितकं जास्त चांगलं फुफ्फुस त्यात जातं.

एक आजोबा आठवतात. सांगलीच्या मार्केट यार्डात आयुष्यभर हळदीची पोती उचललेली, छाती पार बसलेली. स्कॅनला लाट बघितली तर डोंगरासारखी, एक उंच, एक बुटकी, मध्ये खंड. मी आत गेले तर कपाळावर घाम. म्हणाले, "पोरी, चुकतंय का माझं काही? पंधरा दिस झालं घरी प्राणायाम करतोय, मशीनला श्वास नीट मिळावा म्हणून." त्यांचा रोजचा श्वास छोटा, उथळ. आमच्यासाठी म्हणून ते छाती फुगवत होते. टेबलावरून उतरवलं, चहा पाजला, अर्धा तास इकडचं तिकडचं बोललो. पुन्हा झोपवताना एवढंच म्हटलं, "तात्या, घराच्या पायरीवर बसलाय असं समजा." दुसऱ्या वेळी लाट एकसारखी, बारकी. गाठीची फिरण्याची जागा निम्म्यावर आली. म्हणून सांगते, श्वास रोखून धरायची पद्धत तुमच्या केंद्राने मुद्दाम शिकवली असेल तर तीच करा. नाहीतर वडिलांना त्यांच्या सवयीचाच श्वास घेऊ द्या.

उपचाराच्या दिवशी मशीनवरच आधी छोटा सीटी काढतो. तो प्लॅनिंगच्या चित्रावर ठेवून गाठीला गाठ जुळते का बघतो, टेबल मिलिमीटरने सरकवतो, डॉक्टर खात्री करतात आणि मगच बीम सुरू. पेशंटला यातलं काही जाणवत नाही, भाजत नाही. अंगावर शेक बसल्यासारखंही वाटत नाही. वेळ लागतो तो जुळवण्यात, अर्धा-पाऊण तास.

पुराव्याचंही सांगते. ही पद्धत १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का हॉस्पिटलमध्ये घडली. अमेरिकेत ऑपरेशन न झेपणाऱ्या ५५ पेशंटवर झालेल्या अभ्यासाचा निकाल २०१० साली आला. तिथे डोस तीन बैठकांचा होता. तीन वर्षांनंतर जवळपास ९८ टक्के जणांमध्ये मूळ गाठ त्या जागी पुन्हा वाढली नव्हती. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या अभ्यासात नेहमीचं लांबलेलं रेडिएशन आणि ही पद्धत समोरासमोर ठेवली, निकाल २०१९ला आला. गाठ तिथेच परत वाढण्याचं प्रमाण नेहमीच्या पद्धतीत ३१ टक्के, या पद्धतीत १४.

पण अर्धवट सांगणार नाही. त्या अमेरिकन अभ्यासात तीन वर्षांनी हयात होते ते साधारण ५६ टक्के. काहींना नंतर दुसरीकडे कॅन्सर निघाला, आणि मुळात हे सगळे हृदय-फुफ्फुसांनी थकलेले लोक होते. गाठ जाईल ही आशा पक्की धरा, पण दमा, बिडी, बीपी यांकडे पाठ करू नका. बिडी आजपासून बंद, याला पर्याय नाही. आणि ज्याची तब्येत ऑपरेशन झेपणारी आहे त्याला सर्जन आजही आधी ऑपरेशनच सांगतात. वडिलांना ते झेपत नाही म्हणून हा रस्ता, आणि तो चांगला रस्ता आहे.

नंतर काही आठवडे थकवा येईल. गाठ बरगडीजवळ असेल तर तिथे दुखू शकतं, क्वचित बरगडीला बारीक तडा जातो. काही महिन्यांत कोरडा खोकला, धाप, बारीक ताप आला तर ती रेडिएशनची सूज असू शकते. वेळेत दाखवलं तर गोळ्यांनी बहुतेकांची बसते. गावातल्या डॉक्टरांना "छातीला एसबीआरटी झालीय" हे कागद दाखवून सांगा. पुढच्या सीटीत त्या जागी पांढरा डाग दिसेल, कधी आधीपेक्षा मोठा. तो बऱ्याचदा व्रण असतो. रिपोर्ट वाचून घरातच रडारड नको. जुने सगळे स्कॅन घेऊन आपल्या रेडिएशनच्या डॉक्टरांकडे जा.

हे कळकळीने लिहिते त्याला कारण आहे. आमचे आप्पा, माझे थोरले चुलते. एक्स-रेत डाग दिसला आणि एका डॉक्टरांनी थुंकी न तपासता टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. पाच महिने गेले. बायोप्सी झाली तोवर आजार हाडात उतरला होता. जी गाठ चार वेळात मारता आली असती, तिची वेळ निघून गेली. तुमच्या वडिलांची बायोप्सी झाली, पेट झाला, आजार एका जागी आहे. आप्पांना हे मिळालं नाही. आता दुसरं मत, तिसरं मत, जत्रा, लग्न यात महिने घालवू नका.

केंद्रावर तीन गोष्टी विचारा. फोरडी सीटी होतं का? प्रत्येक बैठकीआधी मशीनवर सीटी काढून जुळवता का? फुफ्फुसाची एसबीआरटी इथे नेहमी होते का? उत्तरं गोलगोल आली तर मिरज, कराड, कोल्हापूर, पुणे हाताच्या अंतरावर आहेत, आणि चारच फेऱ्या आहेत. खर्चाचं महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला आधीच विचारा, "रेडिएशन बसतं का" असं नको, "एसबीआरटी बसते का" असं.

आणि एक काम आज संध्याकाळीच सुरू करा. टेबलावर दोन्ही हात डोक्यावर घेऊन पाऊण तास निपचित पडावं लागतं. या वयात खांदे आखडलेले असतात, आणि पंधरा मिनिटांत खांदा दुखून माणूस हलला की आमचं सगळं जुळवणं पुन्हा पहिल्यापासून. वडिलांना सतरंजीवर उताणं झोपवा, हात डोक्यावर, कोपराखाली उशी. पहिल्या दिवशी पाच मिनिटं, मग रोज थोडं वाढवा. खोकल्याची उबळ किती वेळाने येते तेही लिहून ठेवा आणि प्लॅनिंगला येताना तो कागद आमच्यासारख्या टेक्नॉलॉजिस्टच्या हातात द्या.