‘अ’ लावायचा की ‘द’? मराठी कानाने ओळखा

तुम्ही ऑफिसच्या मेलमध्ये ‘आय हॅव द प्रॉब्लेम विथ अ लॅपटॉप यू गेव्ह मी’ असं लिहिलंत, साहेबांनी ‘अ’ आणि ‘द’ची अदलाबदल करून दिली. मराठीत हे शब्दच नाहीत तर कळणार कसं, असं तुम्ही विचारलंय. शब्द नाहीत हे खरं, पण तो फरक आपण दिवसभर करत असतो.

‘टेबलावर पुस्तक आहे’ आणि ‘पुस्तक टेबलावर आहे’ ही वाक्यं मोठ्याने म्हणून बघा. पहिल्यात कुठलंसं पुस्तक: देअर इज अ बुक ऑन द टेबल. दुसऱ्यात तुम्ही मघापासून शोधताय तेच: द बुक इज ऑन द टेबल. आपण नुसती शब्दांची जागा बदलली. कधी एक ‘ला’ पुरतो. ‘मुलगी बघायला गेलो’ म्हटलं की लग्नाचं चाललंय. ‘मुलीला बघायला गेलो’ म्हटलं की मुलगी ठरलेली, बहुधा आजारी असावी.

आणि ‘एक होता कावळा, एक होती चिमणी’ तर लहानपणापासूनचं. पुढे ‘कावळ्याचं घर शेणाचं’. तिथे ‘एका कावळ्याचं’ म्हणालात तर पोर लगेच विचारेल, हा दुसरा कावळा कुठला? इंग्रजीतला ‘ॲन’ मुळात ‘वन’चाच सख्खा, म्हणजे आपला ‘एक’. त्यातला न झिजून ‘अ’ झाला. ‘द’ हा ‘दॅट’च्या घरातला, म्हणजे आपला ‘तो’.

शाळेत शिकवतात, पहिल्यांदा ‘अ’, दुसऱ्यांदा ‘द’. मीही वर्गात बरीच वर्षं तसंच सांगत होते, आता सांगत नाही. आता एवढंच विचारायला लावते: मी कशाबद्दल बोलतेय, नेमकं कुठलं, हे समोरच्याला कळेल का? लॅपटॉप साहेबांनीच दिलेला, म्हणून ‘द लॅपटॉप’, पहिल्याच उल्लेखात. तक्रार त्यांना आत्ताच कळतेय, म्हणून ‘अ प्रॉब्लेम’. ‘आय वेंट टू अ वेडिंग. द ब्राइड वॉज लेट.’ नवरीचं नावही आधी निघालं नव्हतं, पण लग्न म्हटलं की नवरी आलीच.

मराठी कान एका ठिकाणी मात्र दगा देतो. आपण ‘एक सल्ला देऊ का’ म्हणतो, इंग्रजीत ‘ॲन ॲडव्हाइस’ चालत नाही. ‘सम ॲडव्हाइस’ म्हणायचं. इन्फर्मेशन, फर्निचर, लगेज यांचंही तेच. ‘अ’ की ‘ॲन’ हे ठरवताना मात्र पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर नाही, उच्चार बघायचा: ‘ॲन अवर’ पण ‘अ युनिव्हर्सिटी’. नावं सरळ पाठ करा: द गोदावरी, द हिमालयाज, पण माउंट एव्हरेस्ट आणि नाशिक नुसतंच.

आज तुमचाच एखादा जुना मेल काढा आणि प्रत्येक ‘द’पाशी थांबून ‘कुठला?’ असं साहेबांच्या जागी बसून विचारा. जिथे उत्तर सापडणार नाही ती वाक्यं मला पाठवा, एकेक करून बघू.