1618 साली प्रागच्या किल्ल्याच्या खिडकीतून फेकलेल्या विल्हेम स्लावाताचं पुढे काय झालं?

तो वाचला, आणि नंतर जवळजवळ 34 वर्षं जगला. जन्म 1572 चा, प्रोटेस्टंट घरातला. पंचविशीत कॅथलिक झाला. लग्नामुळे यिंड्रिखुव ह्राडेत्सची मोठी जहागीर हाती आली. 1609 मध्ये बोहेमियातल्या (आजच्या चेकियाचा भाग) प्रोटेस्टंटांना धर्मस्वातंत्र्य देणाऱ्या बादशाही फर्मानावर त्याने सही केली नाही. प्रोटेस्टंट सरदारांचा राग होता तो याचा.

23 मे 1618 ला राजाच्या गैरहजेरीत कारभार पाहणाऱ्या मार्टिनिट्स आणि स्लावाता या दोघांना सरदारांनी खिडकीबाहेर ढकललं, पाठोपाठ चिटणीस फाब्रिसियुसलाही. स्लावाता चौकट धरून लोंबकळत होता. बोटांवर खंजिराच्या मुठीचे घाव बसले तेव्हा हात सुटला. सुमारे 20 मीटर खाली पडला, डोकं फुटलं. जवळच पोलिक्सेना लोबकोविट्स या कॅथलिक सरदारपत्नीने त्याला आपल्या वाड्यात आसरा दिला आणि मागावर आलेल्यांना आत येऊ दिलं नाही. माझ्या मते त्या दिवशीचं खरं धाडस या बाईचं. मेरीमातेने झेललं, असं कॅथलिक म्हणत. उकिरड्याने वाचवलं, असं विरोधक.

पुढे जर्मनीतल्या पासाऊला परागंदा झाला, कॅथलिक बादशहाचा पक्ष जिंकल्यावर परतला आणि 1628 पासून मरेपर्यंत बोहेमियाचा चान्सलर होता. उतारवयात विस्तृत आठवणीही लिहिल्या. 1652 मध्ये व्हिएन्नात वारला.