नळी, दस्ता आणि परवाना
जुन्या बंदुकांबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आजोबांची इंग्लिश बनावटीची बारा बोअर दुनळी माळ्यावर मिळाली. नळ्यांवर तांबूस गंज आहे. परवाना त्यांच्याच नावावर होता, ते आता नाहीत. घरी साफ करून ठेवली तर चालेल का? – एक वाचक, वाई

साफसफाईच्या आधी पोलीस ठाणं. परवानाधारक गेल्यावर त्याचं शस्त्र घरात ठेवायचा अधिकार कुटुंबाला आपोआप मिळत नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम २१ प्रमाणे ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावं लागतं. पावती घ्या, तिच्यावर बंदुकीचा क्रमांक आणि बोअर लिहिलंय ना ते तिथेच वाचून पाहा. मग २०१६च्या शस्त्र नियमांतल्या नियम २५ खाली वारस म्हणून अर्ज करा. जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे, आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्तांकडे. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला साधारणपणे दोनच बंदुका ठेवता येतात, हेही घरात आधीची बंदूक असेल तर मोजून घ्या.

परवाना हातात आला की गंजाकडे वळा. आधी बंदूक मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत याची खात्री करा. वर बसलेला तांबडा, बोटाला लागणारा गंज काढायचा. त्याखालची तपकिरी-काळी झाक काढायची नाही. ती झाक म्हणजे जुन्या ब्लूइंगचा, पोलादावर मुद्दाम चढवलेल्या निळ्या-काळ्या मुलाम्याचा, उरलेला थर, आणि तोच लोखंडाला सांभाळतो. हलकं मशीन ऑइल लावून रात्रभर मुरू द्या. सकाळी अगदी बारीक, चार शून्यांची स्टील वूल तेलात भिजवून नळीच्या लांबीच्या दिशेने हलक्या हाताने फिरवा. आधी दस्त्याच्या पुढच्या लाकडाखाली झाकल्या जाणाऱ्या भागावर करून बघा. फडक्यावर काळसर-निळं उतरायला लागलं तर थांबा. हट्टी ठिपका तांब्याच्या नाण्याच्या कडेने खरवडला तर पोलादावर ओरखडा येत नाही.

चिंच, लिंबू, पितांबरी यांतलं काही नळीला लावू नका. आम्ल गंजासोबत ब्लूइंगही खातं, आणि आठवड्याभरात नळी पांढरी पडून पुन्हा गंजते. कारखान्यातल्यासारखं गरम ब्लूइंग करून देतो म्हणणाऱ्यालाही जुनी दुनळी देऊ नका. दोन नळ्यांमधली पट्टी नरम झाळकामाने जोडलेली असते. गरम ब्लूइंगचं कॉस्टिक द्रावण ती झाळ खातं आणि पट्टीखाली अडकून आतून गंजवत राहतं. नळीवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसत असेल तर ती दमास्कस नळी. तिच्या बाबतीत तर ही चूक भरून निघत नाही. अशा नळ्यांना ब्लूइंग करायचंच झालं तर जुनी, गंज चढवून उकळत्या पाण्यात काळा करायची पद्धत, आणि तीही परवानाधारक कारागिराकडूनच.

ही बंदूक उडवायचा विचार असेल तर कारागिराकडून चेंबरची, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या मागच्या भागाची, लांबी मोजून घ्या. जुन्या इंग्लिश बंदुकांचं चेंबर बहुधा अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरचं असतं. आजचं ७० मिलिमीटरचं काडतूस त्यात सहज बसतं आणि फसवणूक तिथेच होते. ७० हे मोजमाप तोंड उघडल्यानंतरचं. उडताना काडतुसाचं तोंड चेंबरच्या पुढच्या निमुळत्या भागात उघडतं, छऱ्यांची वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. नळीखालच्या सपाट भागावर मुकुटाखाली ‘एनपी’ अशी खूण नसेल तर ती बंदूक धूरविरहित दारूसाठी तपासलेली आहे असं धरून चालू नका.

प्रश्न : दस्त्याचं लाकूड काळं, तेलकट झालंय. नळीला टेकतं तिथे केसाएवढी चीर आहे. सुताराकडून घासून पॉलिश करून घेऊ का? – एक वाचक, बेळगाव

सुताराकडे नको. त्याचा हात चांगला असला तरी तो सगळं एकसारखं घासतो. लोखंडाला भिडणाऱ्या कडा एकदा घासल्या की लाकूड लोखंडाच्या पातळीखाली जातं, आणि ते परत वर आणता येत नाही. जुन्या दस्त्याचा भाव त्या कडांवर असतो.

लाकूड काळं पडतं कारण बंदूक वर्षानुवर्षं नळी वर करून उभी ठेवलेली असते. यंत्रात घातलेलं जास्तीचं तेल उतरत उतरत दस्त्याच्या डोक्यात मुरतं, लाकूड मऊ होतं, आणि प्रत्येक बाराचा धक्का त्या मऊ भागावर बसून चीर पडते. म्हणून आधी तेल बाहेर काढायचं, चीर मग. दस्ता काढताना स्क्रूच्या खाचेत तंतोतंत बसणारा पेचकस वापरा. सैल पेचकसाने खाच फाटली की जुनी बंदूक लांबूनच ओळखू येते, कोणीतरी हात घातलाय म्हणून.

रंगाच्या दुकानात मिळणारी चॉक पावडर अ‍ॅसिटोनमध्ये दाट कालवा आणि काळ्या भागावर अर्धा सेंटीमीटर जाड थापा. अ‍ॅसिटोन उडून जाताना तेल वर ओढून आणतं आणि पांढरी पावडर पिवळी पडते. सुकली की ब्रशने झाडा, पुन्हा थापा. चार-पाच वेळा करावं लागतं. पावडर पांढरीच राहिली की तेल निघालं. हे काम उघड्यावर, विडी-स्वयंपाक-देवघरातली समई सगळ्यापासून लांब करा. कॉस्टिक सोडा वापरू नका, अक्रोडाचं लाकूड त्याने राखाडी आणि भुसभुशीत होतं.

चीर अजून दिसत असेल तर सावकाश वाळणारं, चोवीस तासांचं इपॉक्सी घ्या. पाच मिनिटांत सुकणारं चिरेच्या तळापर्यंत पोचायच्या आतच घट्ट होतं. हेअर ड्रायरने लाकूड कोमट करा, इपॉक्सी पातळ होऊन आत ओढलं जातं. चीर थोडी उघडून, बंद करून, पुन्हा उघडून भरा आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने आवळून ठेवा. लोखंडाच्या बाजूला मेणाचा हात द्या, नाहीतर दस्ता यंत्राला कायमचा चिकटेल. चीर आरपार असेल किंवा बोटाने दाबल्यावर दोन्ही बाजू हलत असतील तर मात्र ते घरचं काम नाही.

पोचे घासून काढायचे नसतात, फुगवून काढायचे असतात. ओलं सुती फडकं पोच्यावर ठेवून गरम इस्त्रीचं टोक काही सेकंद टेकवा. वाफेने दबलेले तंतू उठतात. जाळीदार कोरीवकामावर कागद चालवू नका, तिथे जुना टूथब्रश पुरे. बाकी लाकडाला ३२० नंबरचा कागद, मग ओल्या फडक्याने पुसून उभे राहिलेले तंतू ४०० ने कापायचे. शेवटी डबल बॉइल्ड जवसाचं तेल. कच्चं जवसाचं तेल आठवडे चिकट राहतं. चार-पाच थेंब तळव्यावर घेऊन गरम होईपर्यंत चोळा, अर्ध्या तासाने उरलेलं पुसून टाका, दुसऱ्या दिवशी पुढचा हात. जाड थर दिला तर तो साय धरतो आणि पावसाळ्यात चिकटतो. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल सुकताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. ती पाण्यात बुडवा किंवा बाहेर पसरून वाळवा.

प्रश्न : पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक आहे. दर पावसाळ्यात नळी आतून खाल्ल्यासारखी होते. भरपूर तेल घालतो तरी. – एक वाचक, लांजा

तेलानेच घोळ होतोय. काळ्या दारूची राख क्षारांची असते, ती हवेतला ओलावा धरते आणि तेलात विरघळत नाही. तुम्ही क्षारांवर तेलाचं झाकण घालताय. उडवल्याच्या दिवशीच उकळतं पाणी आणि साबण, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग कोरडी फडकी. नळी कोमट असतानाच तेलाचा पातळ हात. जुन्या, क्लोरेटच्या टोपीच्या काडतुसांनाही हाच नियम.

साफ करण्याआधी नळी रिकामी आहे का ते गजाने मोजा. गज आत घालून नळीच्या तोंडाशी खूण करा, मग तोच गज बाहेरून नळीला लावा. टोक कानाच्या भोकापर्यंत, म्हणजे जाळ आत जातो तिथपर्यंत, पोचलं पाहिजे. चार बोटं कमी पडला तर आत काहीतरी ठासलेलं आहे. ते उकरू नका, गरम पाणीही ओतू नका. परवानाधारक कारागिराला बोलवा.

प्रश्न : माझ्याकडे परवान्यावर ४१० बोअरची जुनी मस्केट आहे, एन्फील्डसारखी दिसते. बाजारातलं ४१० काडतूस शिरत नाही. चेंबर थोडं मोठं करून घेता येईल? – एक वाचक, नागपूर

ती एन्फील्डच आहे. इशापूरच्या कारखान्यात थ्री-नॉट-थ्री रायफलींच्या नळ्या आतून गुळगुळीत करून, मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा बसवून त्या पोलीस आणि पहारेकऱ्यांसाठी एकबारी केल्या. काडतूसही थ्री-नॉट-थ्रीच्याच, मान न आवळलेल्या पितळी पुंगळीचं. तिचा बुडाशी व्यास सुमारे ११.७ मिलिमीटर, बाजारातल्या ४१०चा १२.१. अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी फरक, म्हणूनच मोह होतो.

करू नका. शस्त्रात असा बदल करायला कलम ५ खाली वेगळा परवाना लागतो, तो बंदूकमालकाच्या परवान्यात येत नाही. नळी आखूड करणं किंवा शस्त्राचा प्रकार बदलणं तर कलम ६ मध्ये जातं, आणि तिथे शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. रायफलचं काडतूस घालून पाहणं हा त्याहून मोठा वेडेपणा. लाकूड आणि बाहेरचं लोखंड वर सांगितल्याप्रमाणे जपा. मूळ अवस्थेतल्या अशा मस्केटला जाणकार जास्त मानतात.

प्रश्न : इथे टेक्ससमध्ये जुनी विंचेस्टर १८९७ घेतली, तीस इंची नळीची. तिला पहिल्या महायुद्धातल्या ट्रेंच गनचं रूप द्यायचंय. – एक वाचक, ह्यूस्टन

ट्रेंच गन म्हणजे याच पंप शॉटगनची खंदकात लढायची सैनिकी आवृत्ती. तिची नळी वीस इंची, चोक नसलेली, म्हणजे तोंडाशी न आवळलेली. वर भोकांचं उष्णतारोधक आवरण आणि १९१७च्या संगिनीची अडणी. पहिल्या महायुद्धाच्या आवरणावर भोकांच्या सहा ओळी, १९४२नंतरच्या आवरणावर चार. बाजारातली नक्कल घेताना इथेच गल्लत होते. चार ओळींचं आवरण लावून १९१८ची बंदूक म्हणता येत नाही.

तीस इंची मूळ नळी कापू नका. कापली की चोक जातो, मूळ नळीची किंमत जाते आणि तरीही ती ट्रेंच गन होत नाही. वीस इंची वेगळी नळी घेऊन बंदूकदुरुस्त्याकडून बसवून घ्या, मूळ नळी तेल लावून ठेवून द्या. अमेरिकेच्या संघीय कायद्यात शॉटगनच्या नळीची किमान लांबी १८ इंच, पूर्ण बंदुकीची २६. आवरण घेण्याआधी नळीचा बाहेरचा व्यास कॅलिपरने मोजा. अस्सल नळीला खालून स्क्रूसाठी खाचा असतात, साध्या नळीला नसतात. त्यामुळे नक्कल अडणी नीट बसत नाही आणि लोक स्क्रू आवळत जाऊन नळीला पोचा पाडतात.

‘यूएस’ आणि तोफगोळ्याची सरकारी खूण ठोकून घेऊ नका, ती उद्या विकताना फसवणूक ठरते. आणि या बंदुकीत चाप दाबून धरला असताना पुढचं लाकूड पुढे सरकवलं की बार आपोआप उडतो, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या.

प्रश्न : बंदूक चामड्याच्या खोळीत ठेवली तर? – एक वाचक, पणजी

नेण्याआणण्यापुरतीच. चामडं ओलावा धरतं आणि कमावण्यातले क्षार लोखंडाला लागतात. भाग सुटे करून, तेलाचा पातळ हात देऊन, सुती कापडात गुंडाळून कुलूपबंद कपाटात सिलिका जेलसह ठेवा. उभीच ठेवायची तर नळीचं तोंड खाली, एका जाड फडक्यावर.