चिकणमातीने राखलेली खारेपणाची खूण

प्रश्न : वरळीच्या टेकडीत लाव्हाच्या थरांमधील शेल (चिकणमाती घट्ट होऊन बनलेल्या) खडकात बेडकांचे जीवाश्म सापडले, त्यावरून तेथे गोडे पाणी होते असे मानतात. जीवाश्म नसतील, तर नुसत्या चिकणमातीवरून प्राचीन पाण्याचा खारेपणा कळतो का?
— एक वाचक, प्रभादेवी

उत्तर : कळतो, परंतु त्यासाठी ती चिकणमाती कोणत्या खनिजांची आहे हे आधी तपासावे लागते. यातील मुख्य साक्षीदार बोरॉन, म्हणजे टाकणखारात आणि कॅरमच्या बोरिक पावडरीत असणारे मूलद्रव्य. समुद्राच्या एक लिटर पाण्यात ते सुमारे ४.५ मिलिग्रॅम असते. नद्यांच्या पाण्यात सर्वसाधारणपणे त्याच्या शतांशाहूनही कमी. गाळाचे बारीक कण पाण्यात असताना बोरॉन प्रथम त्यांच्या पृष्ठभागाला चिकटते आणि पुढे, विशेषतः इलाइट या अभ्रकासारख्या पापुद्रेदार खनिजात, सिलिकॉनची जागा घेऊन स्फटिकाच्या रचनेतच शिरते, त्यामुळे ते नंतर सहजासहजी धुऊन जात नाही. सागरी गाळात बोरॉन अधिक असते, हे गोल्डश्मिट आणि पेटर्स या भूरसायनशास्त्रज्ञांनी १९३२ मध्येच दाखवले होते.

मात्र एकाच समुद्रात साचलेल्या दोन थरांपैकी एकात इलाइट भरपूर आणि दुसऱ्यात केओलिनाइट हे चिकणमातीचे दुसरे खनिज जास्त असेल, तर दोन्हींतील बोरॉनचे आकडे वेगळे येतात. म्हणून इलाइटमध्ये असणाऱ्या पोटॅशियमच्या प्रमाणावरून इलाइटचा अंदाज घेऊन बोरॉनचा आकडा दुरुस्त करण्याची पद्धत रूढ झाली. त्याहून अवघड अडचण वारशाने आलेल्या बोरॉनची आहे : जुन्या सागरी खडकाची झीज होऊन आलेले इलाइट गोड्या तळ्यात साचले, तरी त्या जुन्या समुद्राचे बोरॉन ते सोबत घेऊन येते. अलीकडे बोरॉन आणि गॅलियम हा धातू यांचे गुणोत्तर पाहतात. ते ३ पेक्षा कमी असल्यास गोडे, ६ पेक्षा जास्त असल्यास सागरी आणि मधले असल्यास मचूळ पाणी, असा ठोकताळा आहे. खडक खोल गाडला जाऊन तापला असेल, तर मात्र हे आकडे जपून वाचावेत.

मुंबईपुरते बोलायचे, तर बेसाल्टच्या झिजेतून मुख्यतः स्मेक्टाइट हे चिकणमातीचे वेगळे खनिज तयार होते, इलाइट नव्हे. त्यामुळे इलाइटयुक्त शेलवर बसवलेली मोजपट्टी येथे जशीच्या तशी लावणे मला योग्य वाटत नाही. पाणी आणि क्षार सहज आत-बाहेर जाऊ देणारी त्वचा असलेला बेडूक खाऱ्या पाण्यात सहसा टिकत नाही, म्हणून वरळीच्या बाबतीत त्याचीच साक्ष मी अधिक भरवशाची मानीन.