एलएमव्ही लायसनवर पिकअप चालवली, विमा कंपनी म्हणते पैसे तुम्हीच भरा

निफाड तालुक्यातल्या एका शेतकरी दादांनी विचारलंय की चुलतभाऊ त्यांची पिकअप घेऊन कांदा द्यायला लासलगावला गेला होता, परत येताना मोटारसायकलला धडक बसली, त्या माणसाचा पाय मोडला आणि आता नाशिकला भरपाईचा दावा लागलाय. भावाकडे साधं एलएमव्ही (हलक्या मोटार वाहनाचं) लायसन, बॅच (व्यावसायिक चालकाचा बिल्ला) नाही. कंपनीने जबाबात लिहिलंय की गाडी ट्रान्सपोर्ट, लायसन नॉन-ट्रान्सपोर्ट, अट मोडली, मालकानेच पैसे द्यावेत. दादा विचारतात, जमीन विकावी लागेल का?

दादा, जमिनीचा विषय आधी डोक्यातून काढा. आज घरी गेलात की गाडीचं आरसी बुक बाहेर काढा आणि त्यावर 'ग्रॉस व्हेईकल वेट' कुठे लिहिलंय ते शोधा, म्हणजे मालासकट गाडीचं जास्तीत जास्त वजन. तो आकडा 7500 किलोच्या आत असला, आणि पिकअपचा असतोच, तर लायसनचा मुद्दा तुमच्या बाजूने आहे.

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 2(21) मध्ये हलक्या वाहनाची व्याख्या आहे आणि ती सुरूच होते 'ट्रान्सपोर्ट व्हेईकल' या शब्दांनी, म्हणजे मालवाहू गाडीसुद्धा 7500 किलोपर्यंत एलएमव्हीच. घोळ झाला 1994 च्या दुरुस्तीने. तेव्हा कलम 10 मधले मध्यम आणि जड वाहनांचे वेगळे वर्ग काढून 'ट्रान्सपोर्ट' हा एकच वर्ग टाकला, आणि त्यावर बोट ठेवून कंपन्या वर्षानुवर्षं क्लेम नाकारत आल्या. सुप्रीम कोर्टाने 2017 ला मुकुंद देवांगन केसमध्ये हे स्पष्ट केलं होतं, तरी वाद थांबेना, म्हणून प्रकरण पाच न्यायाधीशांपुढे गेलं आणि 6 नोव्हेंबर 2024 ला बजाज अलायन्झ विरुद्ध रंभा देवी या निकालात त्यांनी एकमताने तेच सांगितलं की 7500 किलोच्या आतल्या मालवाहू गाडीला एलएमव्ही लायसन चालतं, वेगळी नोंद लागत नाही. एलएमव्हीवाले ड्रायव्हर अशा गाड्या चालवतात म्हणून अपघात वाढतात, याचा काही पुरावाही कोर्टापुढे आला नव्हता. हा निकाल तुमच्या वकिलांना लेखी म्हणण्यात नावानिशी घालायला सांगा.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. कोणी एजंट म्हणाला असेल की मागच्या तारखेने टीआर (लायसनवर ट्रान्सपोर्टची नोंद) मारून आणतो, किंवा बॅच असलेला दुसरा ड्रायव्हर दाखवू, तर त्याला दारातही उभं करू नका. तुमची बाजू खरी आणि भक्कम आहे, ती एका खोट्या कागदाने मातीत जाईल आणि वर फौजदारी लागेल ती वेगळीच. भावाच्या लायसनचा उतारा आरटीओतून काढा आणि अपघाताच्या तारखेला ते चालू होतं ना एवढं बघा, कारण मुदत संपलेली असेल तर हा निकाल कामाला येणार नाही. नुसतं मोटारसायकलचं लायसन असतं तरी आला नसता.

लायसनवर डाळ शिजली नाही की कंपनी परमिट आणि फिटनेसकडे (गाडी चालवायला योग्य असल्याच्या दाखल्याकडे) वळते. 3000 किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, त्याच्या वर असेल तर लागतं, म्हणून आरसीवरचा तोच आकडा परत बघा आणि दोन्ही कागद वकिलांकडे द्या. अट मोडली हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची आहे, हे सुप्रीम कोर्टाच्या 2004 च्या स्वर्ण सिंग निकालापासून ठरलेलं आहे. समजा लायसनमध्ये खरंच काही कमी निघालं तरी बऱ्याच केसमध्ये भरपाईचा दावा ऐकणारं न्यायाधिकरण कंपनीला आधी जखमीचे पैसे द्यायला लावतं आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगतं. म्हणजे त्या पाय मोडलेल्या माणसाला ताटकळावं लागत नाही, पण वसुली मात्र तुमच्यावर येते, म्हणून हजर राहा, तारीख चुकवू नका.

तुमच्या गाडीच्या दुरुस्तीचा क्लेम याच कारणाने नाकारला असेल तर तो वेगळा विषय. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा, मग पुण्याच्या विमा लोकपालाकडे किंवा ग्राहक आयोगात जाता येतं, आयोगासाठी मुदत दोन वर्षांची आहे.

आणि पुढच्या वर्षी मोठा टेम्पो घ्यायचं म्हणताय, त्याचं वजन 7500 च्या वर असेल तर भावाला चावी देण्याआधी ट्रान्सपोर्टचं लायसन काढायला लावा. तिथे एलएमव्ही चालणार नाही.